दर्शनाचा शीण

‘बघायला काय पैसे पडतात?’ असे आपण सहज म्हणतो. बाजारात दुकानापाशी रेंगाळणाऱ्या माणसाला कुणी हटकले, तर तो हेच म्हणतो. दुसऱ्याच्या खळ्यात डोकावणाऱ्या पोराला आई रागे भरली, तर पोरही हेच म्हणते. या बोलण्यामागे एक जुनी समजूत आहे. घेणे निराळे आणि बघणे निराळे. घेतल्याने समोरच्याचे काही कमी होते, बघितल्याने होत नाही. शेजाऱ्याच्या परसातला आंबा मी तोडला तर मी चोर. तोच आंबा गडग्याबाहेरून तासभर बघत उभा राहिलो, तर फार तर वेडा. नीतीने आणि व्यवहाराने डोळ्यांना जी सूट दिली आहे, ती हातांना कधी मिळाली नाही. ही सूट कितपत खरी आहे, असा प्रश्न मला अलीकडे पडू लागला आहे. दहावीपलीकडे माझे शिक्षण गेले नाही, त्यामुळे थोर तत्त्ववेत्त्यांनी या बाबतीत काय म्हटले आहे ते सांगण्याची जबाबदारी माझ्यावर नाही. मला हा प्रश्न ग्रंथाने घातला नाही. एका होडीने घातला.

होडीचे नाव कायाक. माझा एक जुना विद्यार्थी आहे. शाळेत गणिताच्या तासाला त्याचे लक्ष खिडकीबाहेर असे. पण भरती-ओहोटीचा हिशेब त्याच्या बोटांवर असे. त्याचे वडील रापणीवर जात. मुलाने कर्ज काढून चार कायाक घेतल्या. आता दिवाळीपासून वैशाखापर्यंत तो देवबागेजवळ, कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते त्या बाजूने, शहरातून आलेल्या पाहुण्यांना खाडीत आणि समुद्र शांत असला तर किनाऱ्याकिनाऱ्याने नेऊन आणतो. पाहुणे येतात ते बघायला. खाडीतली पाणमांजरे, वाळूच्या पट्ट्यावरचे पक्षी, समुद्रातले डॉल्फिन आणि नशीब असेल तर समुद्री गरुड. एके दिवशी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘‘गुरुजी, तुमी पुस्तकां लिवतास, तुमीच सांगा. गिरायक म्हणता, जवळ घे. जवळ घेतलंय तर पक्षी उडान जाता. नाय घेतलंय तर गिरायक म्हणता, पैसे फुकट गेले. मगे मी खंयपर्यंत जावचा?’’

प्रश्न कठीण असला की मास्तर फळा पुसू लागतो. मी त्याला म्हटले, ‘‘विचार करून सांगतो.’’ पुढे जे लिहिले आहे ते त्या विचाराचे टाचण समजावे.

कायाक ही आपल्याकडची होडी नव्हे. आपल्याकडे मचवा आहे, पात आहे, उलांडीची होडी आहे. कायाक आली ती थेट उत्तर ध्रुवाच्या बाजूने. ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंतच्या गोठलेल्या किनाऱ्यांवर राहणाऱ्या लोकांनी ती घडवली. जिथे झाड उगवत नाही तिथे समुद्राने वाहून आणलेली लाकडे आणि जनावरांची हाडे यांची चौकट बांधायची, तिच्यावर सीलचे कातडे ताणून शिवायचे, मधे एका माणसापुरते भोक ठेवायचे आणि त्यात कमरेपर्यंत शिरून दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे चालवायचे. ही रचना हौसेसाठी नव्हती. ती शिकारीसाठी होती. होडी अरुंद, कारण आवाज नको. बुटकी, कारण जनावराच्या नजरेस पडायला नको. ग्रीनलंडमधले शिकारी तर होडीच्या नाळेवर एक पांढरा पडदा उभारीत, म्हणजे सीलला वाटावे की बर्फाचा एक तुकडाच तरंगत येत आहे. आज कायाकचे जे गुण आपण कौतुकाने सांगतो, तिचा शांतपणा, तिची चपळाई, पाण्याशी तिची जवळीक, ते सगळे गुण मुळात भाल्याला पुरेसे जवळ नेण्यासाठी जन्माला आलेले आहेत.

पुढे ही होडी युरोपी माणसाच्या हाती लागली आणि तिचा भाला गळून पडला. १८६५ साली जॉन मॅक्‌ग्रेगर नावाच्या एका स्कॉटिश वकिलाने याच जातीची एक छोटी होडी करवून घेऊन युरोपातल्या नद्या हिंडून काढल्या आणि त्यावर पुस्तक लिहिले. तेव्हापासून ती हौशी लोकांची झाली. १९३२ साली ऑस्कर स्पेक हा जर्मन तरुण घडीची कायाक घेऊन निघाला, तो कराचीवरून हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याने खाली सिलोनला, तिथून वर ब्रह्मदेशाकडे असा वल्हवीत वल्हवीत १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. तोवर युद्ध सुरू झाले होते, म्हणून तिथे त्याचे स्वागत झाले ते स्थानबद्धतेने. शिकाऱ्याची होडी अशी प्रवाशाची झाली, आणि आता ती प्रेक्षकाची झाली आहे. कातड्याच्या जागी प्लॅस्टिक आले, भाल्याच्या जागी कॅमेरा आला. मनुष्यस्वभावातली ही मोठी सुधारणा आहे असे कुणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. पण होडी बदलली नाही. ती अजून चोरपावलांनी जाते.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर जमिनीवर बसून देणे बरे नव्हे, म्हणून गेल्या हिवाळ्यात मी त्याच्याबरोबर दोन-तीनदा पाण्यावर गेलो. तो मागे, मी पुढे. कायाकमध्ये बसल्यावर पहिली जाणीव होते ती आपल्या उंचीची. मचव्यात माणूस समुद्रावर असतो. कायाकमध्ये तो समुद्रात असतो. पाणी कमरेशी येते. वल्ह्यावरून ठिबकणारे थेंब मांडीवर पडतात. पहाटे खाडीत कांदळवनाच्या मुळांतून ओहोटीचे पाणी ओसरत असते, त्याची बारीक चुळचुळ ऐकू येते. एका वळणावर पाणमांजरांचे एक कुटुंब दिसले. एकाच्या तोंडात मासा होता आणि दुसरे तो मागत होते. घराघरांत चालणारे भांडणच ते. पुढे नदीच्या मुखाशी उघड्या पडलेल्या वाळूच्या पट्ट्यावर चिखल्या, तुतारी, कुरव यांचे थवे बसले होते. यांतले कुरव लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांवरून येतात, काही चिखल्याही हिमालयापलीकडून येतात. एवढासा मूठभर जीव. पर्वत ओलांडून येतो आणि आपल्या वाळूवर चार महिने किडे टिपून परतीच्या वाटेची शिदोरी अंगात साठवतो. त्याला ओहोटीचे जे काही तास मिळतात, तेवढीच त्याची जेवणाची वेळ. भरती आली की ताट उचलले.

हे सगळे बघताना मला एक प्रकारचा अभिमान वाटत होता. थोड्या अंतरावर मोटारहोड्यांचा घोळका डॉल्फिनांभोवती फेर धरून होता. डॉल्फिन एका बाजूला वर आले की सगळ्या होड्या तिकडे, दुसऱ्या बाजूला आले की इकडे. आरडाओरडा, धूर, शिट्ट्या. आणि आम्ही मात्र निःशब्द. आपण त्यांतले नव्हे, असे मनात आल्यावाचून राहत नाही. कायाकमधला प्रत्येक माणूस थोडाफार असाच सात्त्विक झालेला असतो.

मग तो गरुड दिसला. कुठे ते सांगत नाही. त्याचे कारण या लेखातच पुढे सापडेल. किनाऱ्यालगतच्या एका उंच झाडावर त्याचे घरटे होते. पांढऱ्या पोटाचा हा समुद्री गरुड आपल्या किनाऱ्यावर पावसाळा संपल्यावर घरटे डागडुजीला काढतो आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे तेच घरटे वापरतो. आम्ही बघत असताना तो समुद्रावरून आला, पायांत काहीतरी लोंबत होते, समुद्रसाप असावा. तो घरट्याकडे वळला, पण घरट्यात गेला नाही. एक फेरी घेतली, दुसरी घेतली आणि बाजूच्या झाडावर जाऊन बसला. भक्ष्य पायाखाली धरलेले, मान आमच्याकडे. मी अगदी हरखून गेलो होतो. इतक्या जवळून हा राजबिंडा पक्षी मी कधी पाहिला नव्हता. एवढ्यात मागून विद्यार्थ्याचा हलका आवाज आला, ‘‘गुरुजी, आमी हंय आसंव तवसर ता घरट्यात जावचा नाय.’’ आणि त्याने वल्हे उलटे मारले.

आम्ही मागे, मागे, आणखी मागे गेलो. इतके की गरुड म्हणजे हिरव्या झाडीवर एक पांढरा ठिपका उरला. मग तो ठिपका उठला आणि घरट्यात उतरला.

त्या दोन दृश्यांचा मी नंतर पुष्कळ विचार केला. जवळून मला काय दिसले? काळी नखे, पोटाचा शुभ्रपणा, डोळ्यांची धार. पण तो गरुड त्या वेळी काय करीत होता? तो मला बघत होता. त्याचे काम थांबले होते. घरट्यातली भूक थांबली होती. म्हणजे मी जे पाहिले ते गरुडाचे जीवन नव्हतेच. माझ्या येण्याने त्याच्या जीवनात पडलेला खंड मी पाहत होतो. आणि दुरून जो ठिपका दिसला, तो मात्र गरुड होता. आपल्या घरी जाणारा, आपल्या मुलाला भरवणारा. जवळ गेल्याने अधिक दिसते हा आपला भ्रम आहे. एका मर्यादेपलीकडे जवळ गेले की आपल्याला फक्त आपणच दिसतो, दुसऱ्याच्या भीतीच्या आरशात.

कायाकच्या मौनाचाही इथे निकाल लागला. आवाज न करणे म्हणजे त्रास न देणे, असे आम्ही धरून चाललो होतो. पण परदेशांतल्या किनाऱ्यांवर खडकावर विसावलेल्या सीलांची जी निरीक्षणे झाली आहेत, त्यांत असे दिसून आले आहे की वल्ह्याच्या होड्यांनीही सील दचकून पाण्यात उड्या घेतात. याचे नवल वाटायला नको. मोटारहोडी दुरूनच आपली वर्दी देते. वल्ह्याची होडी एकदम पुढ्यात उगवते. वाजतगाजत येणारा पाहुणा त्रासदायक असतो खरा, पण मांजराच्या पावलांनी येऊन पाठीमागे उभा राहणारा पाहुणा त्याहून भयंकर. शिवाय आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तीत मारणे आणि पकडणे यांच्याबरोबर पक्ष्यांच्या घरट्यांना वा अंड्यांना उपद्रव देणे हेही घातलेले आहे. कायदा करणाऱ्यांना काव्य करायचे नव्हते. तरीही शिकाऱ्याच्या होडीत बसलेल्या प्रेक्षकाला तो शब्द टोचावा.

आता दुसरी बाजू ऐकली पाहिजे, कारण ती दुबळी नाही. बघणेच वाईट म्हणून बंद करायचे काय? मंडणगड तालुक्यात वेळास म्हणून गाव आहे, नाना फडणिसांचे. तिथल्या पुळणीवर समुद्री कासवे अंडी घालायला येतात. पूर्वी ती अंडी माणसे उकरून नेत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरू लागला. कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना बघायला लोक येतात, गावातल्या घरांत राहतात, जेवतात, चार पैसे देऊन जातात. जे अंड्याला गिऱ्हाईक होते ते राखणदार झाले. इथे बघण्याने कासवे वाचली. ज्याकडे कुणीच बघत नाही ते नाहीसे झाले तरी कुणाला कळत नाही, हेही खरे आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना मी पुस्तकातले कासव दाखवतो आणि ती जांभया देतात. तेच खरे पिल्लू वाळूतून लाटेकडे जाताना बघितले की त्यांचा श्वास अडकतो. बघितल्यावाचून माया जडत नाही, आणि मायेवाचून राखण होत नाही. तेव्हा डोळे मिटून घ्या, हे उत्तर मला देता येणार नाही.

पण वेळासमध्येही एक दोरी असते. पिल्लांची वाट मोकळी सोडून लोक दोरीअलीकडे उभे राहतात, बत्त्या लावीत नाहीत. बघण्याने राखण होते ती त्या दोरीमुळे. दोरी नसती तर प्रेमानेच ती पिल्ले तुडवली असती.

‘बघायला काय जाते’ याचे उत्तर आपल्या घरांतून फार पूर्वीच मिळाले आहे. आपण ते ऐकले नाही इतकेच. मुलगी बघण्याचा कार्यक्रम आठवा. पाहुणे येतात, पोहे खातात, मुलीला चार प्रश्न विचारतात, चालून दाखव म्हणतात आणि निघून जातात. त्यांनी घरातले काय नेले? काहीही नाही. पण पाहुणे गेल्यावर ती मुलगी माजघरात जाऊन भिंतीला टेकून बसते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जो थकवा असतो तो दिवसभर भात लावून आलेल्या बाईच्याही चेहऱ्यावर नसतो. लहान मुलाला दहा माणसांनी निरखले की आजी संध्याकाळी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढते. मीठ-मोहऱ्यांवर माझा विश्वास नाही. परंतु नजरेला वजन असते आणि ते कोवळ्या जिवाला पेलत नाही, हे त्या म्हाताऱ्या बाईला कळले होते, एवढे मी मान्य करतो.

आणि याहून मोठा दाखला पंढरपूरचा आहे. एरवी विठोबाला रात्री शेजारती करून निजवतात, पहाटे काकड आरतीने उठवतात. आषाढी-कार्तिकीला मात्र लाखो वारकरी दारात असतात. तेव्हा देवाचा पलंग काढून ठेवतात, पाठीशी लोड देतात, आणि देव रात्रंदिवस दर्शन देत उभा राहतो. यात्रा संपली की प्रक्षाळपूजा होते. देवाला ऊन पाण्याने न्हाऊ घालतात, पायांना लिंबू-साखर चोळतात, शिणवटा जावा म्हणून काढा देतात, आणि मग पलंग परत येतो. मी हा विधी प्रथम ऐकला तेव्हा त्यातले भाबडेपण मला गमतीचे वाटले. आज वाटते की यात फार खोल समज आहे. विठोबाकडे कुणी वाईट नजरेने बघत नाही. बघणारे सगळे प्रेमाने बघतात, रडून बघतात, शेकडो मैल चालत येऊन बघतात. तरीही बघितले गेल्याने दगडाच्या देवालादेखील शीण येतो, असे आपल्या लोकांनी मानले. बघणाऱ्याचे प्रेम कितीही खरे असले तरी बघितले जाणाऱ्याचे श्रम त्याने कमी होत नाहीत. आणि ते श्रम भरून देणे हे बघणाऱ्यांच्या समाजाचे कर्तव्य आहे.

दगडाविषयी आपल्याला एवढी कणव, तर रक्तामांसाच्या गरुडाविषयी का नसावी? त्याचा पलंग आपण केव्हाच काढला आहे. त्याची प्रक्षाळपूजा कुठल्या दिवशी असते?

ही जाणीव आपल्याकडेच आहे असे नाही. कायाक जिच्या शेजारच्या मुलखातून जगभर गेली त्या कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकूव्हर बेट आणि मुख्यभूमी यांच्यामध्ये जॉन्स्टन नावाची सामुद्रधुनी आहे. तिथे ओर्का, ज्यांना किलर व्हेल म्हणतात, ते उन्हाळ्यात सामन माशांच्या मागे येतात, आणि त्यांना बघायला दूरदूरचे लोक कायाक घेऊन येतात. त्या किनाऱ्यावर रॉब्सन बाइट नावाचे एक वळण आहे. तिथल्या गुळगुळीत गोट्यांच्या उथळ तळाशी हे प्रचंड देवमासे येतात आणि अंग घासत राहतात. जगात याहून बघण्यासारखे काय असेल? आणि नेमके तिथेच जायला मनाई आहे. १९८२ साली तो भाग राखीव केला गेला, आणि कायाकवाल्यांनीही त्या हद्दीबाहेरूनच जायचे असते. पुढे त्या राखीव भागाला मायकेल बिग यांचे नाव दिले; पाठीवरच्या परांचे फोटो घेऊन एकेक ओर्का ओळखण्याची रीत ज्यांनी घालून दिली, ते हे संशोधक. बाहेरच्या समुद्रातही त्या प्रांतात ओर्कापासून निदान दोनशे मीटर, काही भागांत त्याहून अधिक, अंतर ठेवण्याचा नियम आहे. हजारो मैल प्रवास करून आलेला माणूस रेषेपाशी वल्हे थांबवतो. पलीकडे देवमासे आहेत, हे त्याला ठाऊक असते; त्यांचा श्वास कदाचित ऐकूही येतो. गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभे राहणे याला आपण कमीपणा समजत नाही. तोही समजत नसावा.

तेव्हा विद्यार्थ्याच्या प्रश्नाला मी असे उत्तर काढले. कोकणातल्या घराला खळे असते, मग पडवी, मग ओटी, मग माजघर. येणारा माणूस खळ्यात उभा राहून हाक मारतो. आतून ‘या’ आले तर पडवीत येतो. कितीही ओळख असली तरी तडक माजघरात शिरत नाही. रानच्या जिवांचीही अशीच घरे असतात, फक्त भिंती दिसत नाहीत. त्या भिंती ओळखायची खूण एकच: समोरचा जीव आपले काम करतो आहे की नाही. किडे टिपणारा चिखल्या टिपणे थांबवून मान वर करतो, ती पहिली पायरी. दोन पावले सरकतो, ती दुसरी. उडतो, तेव्हा आपण माजघरात शिरलेले असतो. जिथे त्याचे काम थांबते तिथे आपले वल्हे थांबले पाहिजे, आणि शहाण्या माणसाचे त्याच्या आधी. मीटर मोजायची गरज नाही. त्याची मान मोजावी.

हे मी विद्यार्थ्याला सांगितले. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘‘गुरुजी, तुमचा पटता. पण बँक हप्तो मागता. ती गरुडाक इचारीत नाय.’’

माझ्या सगळ्या तत्त्वज्ञानावर एवढ्या वाक्याने पाणी पडले, आणि ते पडायलाच हवे होते. नीतीची किंमत नेहमी कुणीतरी देत असतो, आणि बहुधा ती उपदेश करणारा देत नाही. माझा विद्यार्थी शंभर हात अलीकडे थांबला तर पाहुणा पुढच्या खेपेला दुसऱ्या होडीत बसेल, जी थांबत नाही. म्हणजे जो सभ्य तो उपाशी. एका होडीची नीती टिकत नाही. सगळ्या होड्यांची मिळून टिकते. हे आपल्या मच्छीमारांना कळत होते. पावसाळ्यात समुद्र बंद. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मग होड्या लोटायच्या. ती शिस्त एकट्यादुकट्याची नव्हती, गावची होती, म्हणून ती पाळणारा मूर्ख ठरत नसे. बघण्याच्या धंद्यालाही तशी गावची शिस्त हवी. आणि तिची किंमत होडीवाल्याने न देता बघणाऱ्याने दिली पाहिजे. पाहुण्याने असे समजावे की आपण पैसे मोजतो ते जवळ जाण्याचे नाहीत, योग्य जागी थांबवले जाण्याचे आहेत. जो होडीवाला तुम्हांला मागे आणतो, त्याने तुम्हांला कमी दिले नाही. गरुडाच्या वाटणीचेही राखून दिले.

हे लिहिताना माझ्याच दुसऱ्या धंद्याचा विचार मनात येतो. मी कादंबऱ्या लिहितो, म्हणजे माणसे बघतो. लेखकही असाच कायाकमध्ये बसलेला असतो. आवाज न करता लोकांच्या दुःखाच्या अगदी जवळ जाणारा, आणि आपण काही घेत नाही अशी स्वतःची समजूत घालणारा. आमच्या गावात एका घरी दुखवट्याला गेलो होतो. घरची म्हातारी म्हणाली, ‘‘गुरुजी, बसा. पण ह्यां खंय लिवू नकात.’’ काय ते मी लिहिले नाही, इथेही लिहिणार नाही. पण तिने ज्या नजरेने माझ्याकडे पाहिले ती मला ओळखीची आहे. हातातले काम थांबवून, मान वर करून पाहिलेली ती नजर. माणसाला निदान ‘लिहू नका’ म्हणता येते. गरुडाला तेवढेही म्हणता येत नाही. तो फक्त बाजूच्या झाडावर जाऊन बसतो. ज्याला बोलता येते त्याच्या मर्यादेला आपण मान देतो. ज्याला येत नाही त्याची मर्यादा आपणच ओळखून पाळणे, यातच आपल्या सभ्यतेची खरी परीक्षा आहे. तिथे आपल्याला अडवणारे कुणी नसते.

वाचकहो, हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा सुट्टी लागलेली असेल आणि तुमच्यापैकी कित्येकांनी कोकणात यायचा बेत केला असेल. जरूर या. समुद्र याच दिवसांत निवळतो, खाडीत पहाटे धुके असते, उत्तरेचे पक्षी नुकते आलेले असतात, आणि गरुड घरट्याला नवी काटकी लावीत असतो. तुमची सुट्टी आणि त्याचा प्रपंच एकाच महिन्यात सुरू होतो, याला दोघांचाही इलाज नाही. कायाकमध्ये बसा, ती फार सुंदर होडी आहे. आणि होडीवाला मधेच वल्हे थांबवून म्हणाला की आता पुढे नको, तर त्याच्याशी वाद घालू नका. त्या वेळी तुमच्यासमोर एक पांढरा ठिपका असेल. त्याच्याकडे नीट बघा. तो आपल्या घरी निघालेला आहे.